डोंगरातल्या गाणाऱ्या पाखरांची मोजदाद

निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर दर हिवाळ्यात माणसे दुर्बिणी घेऊन बसतात आणि बदके मोजतात. थापट्या इतके, तलवार बदके इतकी, चक्रवाक इतके, असा आकडा वर्तमानपत्रात येतो. हा जलाशय २०२० साली रामसर यादीत गेला, आणि महाराष्ट्रातले हे त्या यादीतले पहिले ठिकाण. पाण्यावरचे पाखरू मोजणे कष्टाचे असले तरी एका बाबतीत सोपे असते : ते उघड्यावर बसलेले असते. आता त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडे चला. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण ह्या डोंगराळ तालुक्यांतल्या रानात, दऱ्याखोऱ्यांत, करवंदीच्या जाळ्यांत जी लहानसहान गाणारी पाखरे राहतात ती यंदा गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? आपल्या गावच्या एका टेकडीपुरते तरी?

हे उत्तर मिळवण्याची रीत काय, आणि ती खेड्यातल्या शाळेला झेपेल का, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी गाणारे पाखरू म्हणजे कोणते ते पाहू. येथे एक मौज आहे. कोकीळ एवढी गाते, पण शास्त्रज्ञ तिला गाणाऱ्या पक्ष्यांत धरीत नाहीत. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला जागा करणारा पावशाही त्यात नाही. आणि ज्याच्या आवाजाला आपण कंटाळतो तो कावळा मात्र त्यात आहे! कारण हा भेद गोडव्यावर केलेला नसून घशाच्या घडणीवर केलेला आहे. पक्ष्याचे स्वरयंत्र श्वासनळीच्या तळाशी, जेथे तिला दोन फाटे फुटतात तेथे असते. गाणाऱ्या पक्ष्यांत त्या यंत्राला बारीक बारीक स्नायूंच्या पुष्कळ जोड्या असतात, म्हणून त्यांना आवाज हवा तसा वळवता येतो. शिवाय ही पाखरे गाणे शिकतात. आपले मूल घरातली बोली कानाने उचलते तसे दयाळाचे पिल्लू मोठ्या दयाळांचे ऐकून गाणे बसवते. कोकिळेच्या पिल्लाला कावळीच्या घरट्यात वाढूनही कावळ्याची बोली येत नाही. त्याची हाक जन्मतःच ठरलेली असते. दयाळ, चिरक, बुलबुल, शिंपी, सुगरण, हळद्या, कोतवाल, नाचण, चंडोल, सातभाई, साळुंकी ही सगळी आपल्या ओळखीची मंडळी गाणाऱ्यांच्या घराण्यातली आहेत, आणि चिमणीसुद्धा. चिमणीवरून आठवले. तिच्या घटत्या संख्येकडे देशाचे लक्ष वेधणारे मोहम्मद दिलावर हे नाशिकचेच, आणि २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पण चिमणी अंगणात दिसते. डोंगरातली पाखरे दिसत नाहीत, ऐकू येतात. पानांआड बसलेला सुभग, म्हणजे तो पिवळा-काळा, चिमणीएवढा पक्षी, दहा वेळा शीळ घालील तेव्हा एकदा दिसेल. म्हणून रानातली मोजणी डोळ्यांपेक्षा कानांनी होते. ज्याचे कान तयार त्याला दुर्बीण नसली तरी चालते.

नाशिकचे डोंगर ह्या कामाला फार चांगले आहेत. पश्चिमेला इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेला सिन्नर-निफाडकडे जावे तो पाच-सहाशेवर येतो. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात ओल्या रानातून उघड्या माळावर येता येते, आणि पाखरेही तशी बदलत जातात. पश्चिमेच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तूर, तर पूर्वेच्या माळांवर चंडोल. ह्या कस्तुराबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. काळसर निळा, खांद्यावर चकाकणारा निळा डाग, साळुंकीपेक्षा थोडा मोठा. पावसाळ्याच्या तोंडाशी पहाटे, अजून नीट उजाडलेले नसताना, हा ओढ्याकाठी शीळ घालू लागतो, आणि ती शीळ थेट माणसाची वाटते : चाल धड लागत नाही, मध्येच सोडून दिली, पुन्हा धरली. इंग्रज अंमलदार त्याला शीळ घालणारा शाळकरी पोर म्हणत. घरटे तो धबधब्याजवळच्या कपारीत बांधतो. ओढा बारमाही राहिला, कपार शाबूत राहिली आणि काठचे रान टिकले तरच तो तेथे राहतो. एकट्या ह्या पक्ष्याची दहा वर्षांची नोंद ठेवली तरी त्या ओढ्याची कुंडली हाती येते.

उंचीचाही प्रश्न आहे. हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडे संपतात, त्यावर गवताची कुरणे आणि खडक लागतात. आपले कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. येथे थंडीमुळे झाड वाढू नये इतकी उंची नाहीच. पण हिमालयाच्या आणि तिबेटकडच्या त्या उजाड उंचीवर घरटे करणारा एक पाहुणा दर वर्षी आपल्या अंगणात येतो. त्याचे नाव थिरथिरा. काळपट अंग, पोट आणि शेपूट विटकरी, आणि बसल्या जागी शेपूट सारखी थरथरत असते, म्हणून थिरथिरा. दिवाळीच्या आगेमागे तो शाळेच्या कौलांवर, बांधावर, पडक्या भिंतीवर दिसू लागतो आणि उन्हाळा तापू लागला की जातो. जो गुरुजी तो पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी दिसला ह्या दोन तारखा दर वर्षी लिहून ठेवील, तो सुरगाण्यात बसून हिमालयाच्या माथ्यावरची बातमी गोळा करीत असतो. ही कल्पना नवी नाही. असल्या पाहुण्यांच्या तारखा देशभरातून जमवण्याचा एक उपक्रम बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली सुरू केला होता.

उंचीचा मुद्दा आणखी एका कारणाने मोलाचा आहे. हवा तापत गेली की डोंगरावरची पाखरे आपल्याला मानवणारा गारवा शोधीत थोडी थोडी वर सरकतात. खालच्याला वर जागा असते, पण माथ्यावर राहणाऱ्याने कोठे जायचे? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सुमारे १४०० मीटर उंचीच्या एका डोंगरावर १९८५ साली पक्ष्यांची पाहणी झाली होती. २०१७ साली शास्त्रज्ञ त्याच वाटेने पुन्हा चढले आणि त्याच पद्धतीने पाहणी केली. बहुतेक जाती वर सरकलेल्या दिसल्या, आणि माथ्याजवळच्या काही जाती सापडल्याच नाहीत. मधल्या काळात त्या डोंगरावर फारशी जंगलतोड झालेली नव्हती. चौदाशे मीटर म्हणजे आपल्या ब्रह्मगिरीहून जरा जास्त आणि साल्हेरहून कमी, हे लक्षात घ्या. आपल्या डोंगरांवर नेमके काय चालले आहे ते ह्यावरून ठरवता येणार नाही, कारण आपल्याकडे वणवा, चराई, तोड आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला उठणाऱ्या इमारती अशी आणखी कारणे आहेत. पण ती पाहणी पुन्हा करता आली ती एवढ्याचसाठी, की १९८५ ची वही जपलेली होती.

आता प्रत्यक्ष मोजणी. अमेरिकेत १९६६ पासून दर उन्हाळ्यात विणीच्या पक्ष्यांची मोजणी होते. माणूस ठरलेल्या रस्त्याने मोटारीतून जातो, अर्ध्या अर्ध्या मैलावर पन्नास ठिकाणी थांबतो, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटे ऐकतो व पाहतो. ह्या व अशाच इतर नोंदींवरून २०१९ साली असे निघाले की उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे तीनशे कोटी पक्षी कमी झाले. पण ह्या पद्धतीत एक खोट होती. मोटार डोंगरमाथ्यावर जात नाही, म्हणून उंचावरची पाखरे मोजणीतून सुटत. तेव्हा २००० साली व्हरमाँट नावाच्या डोंगराळ राज्यात काही मंडळींनी वेगळी मोजणी सुरू केली. जून महिन्यात पहाटे अंधारात गावोगावचे स्वयंसेवक डोंगर चढतात आणि ठरल्या ठिकाणी उभे राहून ऐकतात. त्यांना सगळी पाखरे ओळखावी लागत नाहीत. पुढे ह्या मोजणीची फेरमांडणी झाली तेव्हा दहाच पक्षी ठरवले, आणि अकरावी एक खार. कारण ती घरट्यातली अंडी खाते. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. दोनशे पाखरांची नावे पाठ करा म्हटले की शाळा पहिल्याच आठवड्यात कंटाळेल, आणि दहा आवाज मात्र तिसरीतला मुलगाही महिनाभरात पक्के करतो.

आपणही दहा निवडू. दयाळ, शिपाई बुलबुल, शिंपी, सुभग, नाचण, हळद्या, स्वर्गीय नर्तक, नारंगी डोक्याचा कस्तूर, शीळकरी कस्तूर आणि सातभाई. गावाच्या रानाप्रमाणे ह्यात बदल करावा. माळावरच्या शाळेने कस्तूर काढून चंडोल घालावा. अकरावा मात्र कावळा असू द्यावा. तोही घरट्यांवर डल्ला मारतो, आणि माणसाच्या उष्ट्यामागोमाग डोंगर चढतो. जेथे पूर्वी कावळा नव्हता तेथे तो आला, ही बातमीच आहे. ह्या पाखरांना तुमच्या पाड्यावर दुसरे नाव असेल तर तेच वहीत आधी लिहा, पुस्तकातले नाव मागाहून. महादेव कोळी, कोकणा, वारली, भिल्ल लोकांच्या बोलीत पाखरांना नावे आहेत. तीही नोंदली जावीत.

गावापासून डोंगराच्या वाटेवर सहा जागा ठरवाव्यात. एकीपासून दुसरी निदान दोनशे पावलांच्या पुढे, अडीचशे असेल तर बरे, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही. खूण म्हणून मोठे झाड किंवा धोंडा धरावा. चुना फासू नये. जागा धबधब्याला किंवा खळखळत्या ओढ्याला अगदी लागून नको, कारण पाण्याच्या आवाजात शीळकरी कस्तुराखेरीज दुसरे कोणी ऐकू यायचे नाही. उजाडताना सुरुवात करावी आणि दोन तासांच्या आत आटोपावे. ऊन चढले की गाणे थांबते. प्रत्येक जागी पोचल्यावर दोन मिनिटे गप्प उभे राहावे, मग घड्याळ लावून पाच मिनिटे मोजावे. एकाने ऐकून सांगावे, दुसऱ्याने लिहावे. तारीख, वेळ, वारा, ढग, कोण मोजीत होते, कोणता पक्षी, किती, ऐकला की पाहिला आणि किती लांब.

‘किती लांब’ येथे पुष्कळ शिकलेली माणसे अडतात. पंचवीस मीटर म्हणजे केवढे ते त्यांना डोळ्यांनी सांगता येत नाही. डोंगरातल्या मुलांना येते. गलोलीच्या टप्प्यात की टप्प्याबाहेर, हे ती आवाजावरून सांगतात. वहीत तेवढे दोन रकाने केले तरी भागते.

आणि ज्या ठिकाणी काहीच ऐकू आले नाही तेथे शून्य लिहावे. रिकामी जागा सोडू नये. रिकाम्या जागेचा अर्थ पुढे कोणाला लागत नाही : पक्षी नव्हता, की मोजणाराच गेला नव्हता?

ह्या मोजणीतून गावात एकूण किती दयाळ आहेत हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. समजा, मे महिन्यात सहापैकी पाच ठिकाणी दयाळ ऐकू आला. पुढच्या मे महिन्यात, त्याच जागी, त्याच वेळी, तीनच ठिकाणी आला. तर दयाळ घटला का? एवढ्यावरून म्हणता येणार नाही. त्या सकाळी वारा असेल, मोजणारा नवा असेल. पण पाच-सात वर्षे आकडा उतरतच राहिला तर मात्र ती गोष्ट खरी. मे महिन्याचा आकडा डिसेंबरशी ताडून पाहणे हा तर निव्वळ घोटाळा होय. गातो तो बहुतेक नर, आणि तो विणीच्या दिवसांत गातो. हिवाळ्यात दयाळ तेथेच असतो, पण मुका असतो. सुभग पाऊस यायच्या आधी शिट्या घालू लागतो, कस्तूर ऐन पावसात रंगतो. म्हणून वर्षातून एकदा मेमध्ये, एकदा पावसाने उसंत दिली की जुलैत, आणि एकदा पाहुण्या पाखरांसाठी नोव्हेंबरात, असे तीन फेरे धरावेत. नोव्हेंबरला एक निमित्तही आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. हा आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात भाषण आणि फलक होतातच, त्यात एक सकाळ मोजणीची घातली तर मुलांना भाषणही गोड लागेल.

दोन सावधगिऱ्या. दाट रानाकडे भृंगराज नावाचा, शेपटीला दोन लांब तारा असलेला कोतवाल असतो. तो दहा पाखरांच्या नकला करतो. एकाच झाडातून पाठोपाठ चार जातींचे आवाज आले तर आधी त्याला शोधावे. दुसरी गोष्ट, हल्ली मोबाइलमध्ये आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवणारी साधने आली आहेत. शिकायला ती चांगली, पण तिने सांगितलेले नाव कानाने किंवा डोळ्याने पडताळल्याशिवाय वहीत घालू नये. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला बोलावू नये. त्याला वाटते हद्दीत दुसरा नर घुसला, आणि ते पिलांना चारायचे सोडून भांडायला येते.

खोटी नोंद काय करते त्याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या खानदेशातच घडले आहे. जेम्स डेव्हिडसन नावाचे एक इंग्रज अंमलदार १८८० च्या सुमारास पश्चिम खानदेशात होते. हुद्द्याचे काम सांभाळून त्यांनी त्या मुलखातल्या पक्ष्यांची यादी केली. ती १८८२ साली छापली गेली. रानपिंगळा नावाच्या दुर्मिळ घुबडाचे नमुनेही त्यांनी शहाद्याच्या बाजूला गोळा केले. घुबड काही गाणाऱ्यांतले नव्हे, पण गोष्ट नोंदीची आहे. पुढे शंभरावर वर्षे हा पक्षी कोणालाच सापडला नाही. मधल्या काळातली एकच नोंद होती, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची, ती मायनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची. पुढे तपासणीत आढळले की त्याचा तो नमुना डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी होता : संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन संशोधिकेने ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदीच्या मागाने दोन सहकाऱ्यांसह शहाद्याजवळचे रान धुंडाळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! एका अंमलदाराने नेटकेपणाने लिहिलेल्या गावाच्या नावाने हे काम केले.

आज देशभरच्या हजारो हौशी लोकांच्या नोंदी एकत्र करण्याची सोय आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल निघाला. सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार त्यात केला आहे. पण दीर्घकाळात काय झाले हे सांगता आले ते ३३८ जातींबद्दलच. त्यांतल्या २०४ घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या. उरलेल्या सहाशेच्या वर जातींचा तसा कल लावायला पुरेसा पुरावा नव्हता. नोंदी करणारे बहुतेक शहरांच्या आसपास आणि पाणथळांवर हिंडतात. हरसूलच्या पुढच्या एखाद्या पाड्यामागे मे महिन्यात उजाडताना कोण उभे राहणार?

तेथे राहतो तोच. आणि तेथे त्या वेळी जागे असलेले कान बहुधा मुलाचे असतात, त्याच्या खिशात गलोल असते. गलोलीची गोष्ट टाळून ह्या विषयावर बोलणे खोटेपणाचे होईल. बुलबुल, होला, सातभाई गलोलीने पाडून भाजून खाणे ही डोंगरातल्या मुलांची जुनी रीत, आणि तीत पोटाचाही प्रश्न आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे मुलांना सांगावेच. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात अलीकडे वनखात्याच्या आवाहनावरून मुलांनी गलोली आणून जमाही केल्या. पण नुसती गलोल काढून घेतली की हात रिकामा राहतो, आणि रबर बाजारात मिळते. त्या मुलाजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नाही : कोणते पाखरू कोणत्या झाडावर किती वाजता बोलते, घरटे कोठे, पिल्ले कधी उडाली. वही त्याच्या हाती दिली तर हे सगळे वहीत उतरेल. वर्गात ज्याला शुद्धलेखनात कधी शाबासकी मिळत नाही असा एखादा मुलगा ह्या वहीत पहिला येतो, असे डोंगरातले शिक्षक सांगतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

नाशिकजवळचा बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो राज्यातला पहिला. पुढे अंजनेरीलाही तसे संरक्षण मिळाले. उजाड झालेल्या अशा डोंगरांवर चराई आवरली, वणवा अडवला, झाडे धरली की पाखरे परत येतात का, आणि कोणती आधी येतात? सुभग झुडपांवर भागवतो, तो लवकर यावा. नारंगी डोक्याच्या कस्तुराला सावली आणि पाचोळा लागतो, त्याला वेळ लागेल. हा अंदाज झाला. तो खरा की खोटा ते सहा जागांची वही सांगेल, आणि म्हणून ज्या गावाने वणव्याची पट्टी काढायचे किंवा कुरण राखायचे ठरवले असेल त्याने मोजणी त्याच वर्षी सुरू करावी, काम उरकल्यावर नव्हे. आधीचा आकडा मागाहून मिळत नाही.

वही शाळेच्या दप्तरात, हजेरीपटाशेजारी ठेवावी. बदली झाली की नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करताना तिचे नाव यादीत घालावे. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वनरक्षकाकडे. ज्यांना जमेल त्यांनी नोंदी संगणकावर चढवाव्यात, पण कागदाची प्रत ठेवावी. सहा जागांचा साधा नकाशा पहिल्या पानावर काढावा, आणि झाडांची नावे गावात बोलतात तशीच लिहावीत, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्याला तोच हिरडा सापडेल, आणि हिरडा नसेल तर त्याची जागा तरी.